कुत्रा कुठल्या जातीचा, याआधी मालक कोण ते विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात गेले काही दिवस पाळीव कुत्र्यांविषयी जी पत्रं येत आहेत, ती मी रोज वाचते आहे. बहुतेकांचं मागणं एकच आहे: पिटबुल, रॉटवायलर, डोबरमन असली 'खतरनाक' कुत्री शहरातून हद्दपार करा, म्हणजे मुलं निर्धास्त खेळतील. लिहिणाऱ्यांचा राग मला पटतो. लेकराच्या गालाला पडलेले टाके ज्याने पाहिलेत, त्याला शांतपणे बोलणं जमत नाही. पण माझी सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात गेली. सांगली जिल्ह्यात जत, कवठेमहांकाळ, तासगाव अशा तालुक्यांत मी पशुधन विकास अधिकारी होते आणि निवृत्तीनंतर मिरजेत घराच्या तळमजल्यावर कुत्र्यामांजरांसाठी छोटा दवाखाना चालवते. इतक्या वर्षांत जे पाहिलं त्यावरून सांगते, आपण मालकाला मोकळा सोडून जातीच्या मागे लागलो आहोत, आणि त्याची किंमत मुलं मोजत आहेत.

मुलांना चावली म्हणून माझ्याकडे आणलेली कुत्री आठवली, तर त्यात लॅब्रॉडॉर आहेत, पॉमेरेनियन आहेत, दारात वाढलेली गावठी आहेत. बंदीच्या यादीतली नावं तुरळक. आपल्याकडे घरोघरी हीच कुत्री आहेत, त्यामुळे चावणाऱ्यांतही हीच जास्त दिसणार, हे उघड आहे. पण 'आमचा लॅब्रॉडॉर गरीब आहे, तो कुणाला काही करत नाही' या भरवशावर किती घरं चालली आहेत ते मला माहीत आहे. पाळीव कुत्रा ज्या मुलाला चावतो ते मूल बहुतेकदा त्याच घरातलं असतं, नाहीतर शेजारचं, नाहीतर सुट्टीला आलेलं भाचरू.

एका कुत्र्याचं सविस्तर सांगते. पिवळा लॅब्रॉडॉर, पाचेक वर्षांचा, अंगाने भरलेला. आई, वडील आणि आजोबा त्याला घेऊन आले होते. "डॉक्टर, याला इंजेक्शन देऊन टाका," हे वडिलांचं पहिलं वाक्य. घरातल्या चार वर्षांच्या मुलीला तो डोळ्याखाली चावला होता. डोळा थोडक्यात वाचला होता. आई एक शब्द बोलत नव्हती, नुसती रडत होती. मी कुत्र्याला टेबलावर घेतलं, डोक्यावरून हात फिरवत कानाकडे नेला आणि तो थरथरायला लागला. डावा कान उचलून पाहिला, तर आत काळपट चिकट घाण साचलेली, कातडी लाल होऊन सुजलेली, आणि वास असा की आजोबांनी नाकाला रुमाल लावला. दुखणं दोन-चार दिवसांचं नव्हतं, बरेच महिने मुरलेलं होतं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कुत्रा मान एका बाजूला झुकवून चालत होता, कान भिंतीला घासत होता. मुलगी जवळ आली की उठून पलंगाखाली जात होता. ती मागोमाग जाऊन कान धरून त्याला बाहेर ओढायची, पाठीवर बसायची, आणि घरचे कौतुकाने व्हिडिओ काढायचे. पुढे तो गुरगुरायला लागला. गुरगुरला की वडील चपलेने मारायचे, "लेकरावर गुरगुरतोस?" म्हणून. थोड्या दिवसांत गुरगुरणं थांबलं. घरच्यांना वाटलं, सुधारला.

गुरगुरणं ही कुत्र्याने दिलेली सूचना असते. 'मला त्रास होतोय, लांब हो,' एवढंच तो सांगत असतो. ती सूचना मारून बंद केली की त्रास तसाच राहतो, सूचना मात्र येत नाही, आणि पुढचा चावा 'अचानक' होतो. मी ते इंजेक्शन दिलं नाही. कान बरा व्हायला बरेच आठवडे गेले. कुत्रा नंतर लहान मूल नसलेल्या नातेवाइकांकडे मळ्यात गेला आणि तिथे तो नीट राहिला. मुलीच्या गालावरचा व्रण मात्र कायमचा आहे, आणि तो टाळता आला असता, हे त्या आईला माझ्यासमोर कळलं. तेव्हाचा तिचा चेहरा आठवतो म्हणूनच हे पत्र लिहिते आहे.

आईबापांनी एवढं शिकून घ्यायलाच हवं. कुत्रा अंगाने बोलतो. झोप नसताना जांभई देतो, समोर खायला काही नसताना जिभेने नाक चाटतो, मुलाकडून तोंड फिरवतो, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसायला लागतं, आणि मग सगळं अंग ताठ होतं. ताठ झाला की वेळ संपलेली असते. शेपूट हलते आहे म्हणजे खूश आहे, हा फार मोठा गैरसमज आहे. उंच, ताठ धरून तुरतुर हलणारी शेपूट बहुधा रागाची किंवा ताणाची असते. मिठीचंही तसंच. आपल्याला मिठी म्हणजे माया वाटते. कुत्र्याला गळ्यात पडलेले हात म्हणजे कुणीतरी जखडून ठेवलंय असं वाटतं, त्यात मुलाचं तोंड त्याच्या तोंडाला लागलेलं. मोठ्या माणसाला कुत्रा बहुधा पायाला नाहीतर हाताला चावतो. लहान मुलाला गालाला, ओठाला, मानेला चावतो, कारण मुलाचा चेहराच त्याच्या तोंडाच्या उंचीला असतो.

म्हणून माझ्याकडे पिल्लू घेऊन येणाऱ्या प्रत्येक घराला मी एक नियम सांगते आणि तो कुठल्याही जातीला लागू आहे. सात-आठ वर्षांच्या आतलं मूल आणि कुत्रा एका खोलीत एकटे ठेवायचे नाहीत. गॅसवर दूध उतू चाललंय म्हणून उठलात, तरी दोघांपैकी एकाला बरोबर न्या. कुत्रा खाताना, हाड चघळताना, झोपलेला असताना, आजारी असताना मुलाला जवळ जाऊ देऊ नका. कुत्र्याला घरात अशी एक जागा द्या, जिथे तो गेला की मुलाने मागे जायचं नाही. पलंगाखालचा कोपराही चालतो. घरात बाळ येणार असेल तर बाळ येण्याआधीच कुत्र्याच्या झोपायच्या, फिरायच्या वेळा बदलून त्याला सवय करा. दवाखान्यातून बाळाचं दुपटं आधी घरी पाठवा, त्याला वास घेऊ द्या. बाळ आलं आणि त्याच दिवशी कुत्र्याची रवानगी गॅलरीत साखळीला, असं करणारी घरं मी पाहिली आहेत. मग त्या बाळाबद्दल कुत्र्याच्या मनात काय बसणार?

आता जातीकडे येते. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने राज्यांना पत्र लिहून २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितलं होतं. पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो, डोगो अर्जेंटिनो ही नावं त्यात होतीच, पण नुसतं 'टेरियर' असंही लिहिलेलं होतं. टेरियर हा कुत्र्यांचा मोठा गट आहे. त्यात मांडीवर मावणारं यॉर्कशायर टेरियरसुद्धा येतं. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द केलं, कारण संबंधितांना विचारल्याशिवायच ते काढलं होतं. आता तशीच यादी महापालिकेने करावी, असं आपले वाचक म्हणतात. ब्रिटनने १९९१ साली कायदा करून चार जातींवर बंदी आणली. पुढे तिथल्या लोकांनी अमेरिकन एक्सएल बुली नावाचा नवा प्रकार पाळायला घेतला, त्याच्या हल्ल्यांत माणसं मेली, आणि २०२३ च्या अखेरीला सरकारला त्याचंही नाव यादीत घालावं लागलं. नेदरलँड्सने आपली पिटबुलबंदी २००८ मध्ये मागे घेतली, कारण चावे कमी झाले नव्हते. एप्रिल २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता. त्यात १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांनी दिलेली माहिती होती आणि सुमारे २ हजार कुत्र्यांची जनुकं तपासली होती. कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक असतो, त्यातला जेमतेम ९ टक्के जातीने सांगता येतो, असं त्यातून दिसलं. दवाखान्यात रोज कुत्री हाताळणाऱ्या माणसाला यात नवल वाटत नाही.

तरीही जातीचा काही संबंधच नाही, असं मी कधीच म्हणणार नाही, आणि असं म्हणणाऱ्या श्वानप्रेमींशी माझं पटत नाही. कुत्रा चावेल की नाही हे जातीवरून फारसं कळत नाही, पण चावलाच तर काय होईल हे मात्र त्याच्या ताकदीवर ठरतं. पॉमेरेनियन चावलं तर टाके पडतील. चाळीस-पन्नास किलोचा, धरलेलं सोडायचं नाही अशा कामासाठीच पिढ्यान् पिढ्या निवडून पैदास केलेला कुत्रा चावला तर मूल वाचेलच असं नाही. जुलै २०२२ मध्ये लखनौत एका वृद्ध बाईंचा घरच्याच पिटबुलने जीव घेतला. ऑगस्ट २०२४ मध्ये गोव्यात हणजुणे इथे पिटबुलच्या हल्ल्यात एक लहान मुलगा गेला. या गोष्टी मी विसरलेली नाही. असा कुत्रा घेणाऱ्यावर जास्त बंधनं हवीत, त्याला आधी प्रशिक्षण सक्तीचं हवं, कुंपण हवं, बाहेर नेताना तोंडाला मुसकं हवं. बैलाला मळणीत मुसकं घालताना आपल्याला लाज वाटत नाही, मग कुत्र्याला घालताना का वाटावी? त्याच्या मापाचं, तोंड उघडून धापा टाकता येतील असं जाळीचं मुसकं लहानपणापासून सवयीचं केलं, तर कुत्र्याला त्याचा त्रास होत नाही.

पण असा कुत्रा आपल्याकडे घेतं कोण आणि पाळतं कसं, ते पाहा. फार्महाउस बांधलं, मोठी गाडी घेतली, की गेटवर रॉटवायलर हवा. पिल्लू येतं तेव्हा तीस-पस्तीस दिवसांचं असतं, डोळे नीट उघडून दोन आठवडे झालेले. खरं तर कुत्र्यांच्या पैदाशीबाबतच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकताच येत नाही आणि पैदास करणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. माझ्याकडे येणाऱ्या मालकांपैकी नोंदणीचा कागद पाहून पिल्लू घेणारा क्वचितच भेटतो. दाराशी गाडीतून पिल्लू उतरवून पैसे घेऊन जाणारे भेटतात, आणि चार दिवसांनी ते पिल्लू पार्व्होने रक्ताची हगवण लागून माझ्या टेबलावर असतं. आठ आठवड्यांना अर्थ आहे. दात लागल्यावर भावंड कसं कळवळतं, आई कशी दटावते, हे पिल्लू आईजवळ शिकतं. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून चौदाव्या आठवड्यापर्यंत जे काही त्याला दिसेल, ऐकू येईल, ते त्याला जगाचा भाग वाटतं. याच काळात त्याने रडणारं बाळ, पळणारी मुलं, क्रिकेटचा चेंडू, सायकल, काठी टेकत चालणारे आजोबा, ढोल-ताशा असं सगळं पाहायला हवं.

त्याच काळात आपण त्याला आणतो आणि गेटजवळ दीड मीटरच्या साखळीला बांधतो. जतकडच्या एका शेतबंगल्यावर मी असा रॉटवायलर पाहिला. वय आठ महिने. साखळी जेवढी फिरते तेवढ्या अर्धवर्तुळात जमीन खरवडून गुळगुळीत झालेली, पाण्याचं भांडं त्याच्या पायाने उलटलेलं, मान साखळीने घासून केस गेलेले. गड्याशिवाय कुणी जवळ जात नव्हतं आणि गडीही भाकरी लांबून टाकत होता. अंधाऱ्या खोलीत ठेवलं, मिरची खायला घातली की कुत्रा 'कडक' होतो, असं मालकाने मला कौतुकाने सांगितलं. त्यांचा नातू अंगणात तीन चाकी सायकल चालवत होता. साखळीचं टोक भिंतीतल्या एका खिळ्याला होतं. मी त्या मालकांना हात जोडून सांगितलं की तुम्ही राखणदार पाळलेला नाही, तुम्ही स्वतःच्या नातवासाठी संकट वाढवताय. पुढच्या फेरीला मी गेले तेव्हा त्यांनी तारेचं कुंपण घातलेलं मोठं आवार केलं होतं आणि सकाळ-संध्याकाळ कुत्र्याला चालवायला माणूस नेमला होता. ऐकणारी माणसंही असतात. कायमचं बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरायला न नेणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे फार कमी लोकांना माहीत आहे. आणि पाळलेल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून काळजी न घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. यात जातीचा उल्लेख नाही. लॅब्रॉडॉरच्या मालकालाही हे कलम लागतं. मला हा कायदा बंदीच्या यादीपेक्षा जास्त शहाणा वाटतो, मात्र तो वापरला जायला हवा.

इथे थोडं विषयांतर करते, पण मनात आहे ते लिहिते. आपल्या भागात कारवान कुत्री आहेत, पलीकडे मुधोळची हाउंड आहेत. मुधोळ संस्थान घोरपड्यांचं. तिथल्या मालोजीराजांनी ही कुत्री जोपासली. अंगाने सडपातळ, उन्हाला काटक, आजार कमी. तीही पळणाऱ्या वस्तूमागे धावतात, अनोळखी हात त्यांना आवडत नाही, म्हणजे मुलांच्या बाबतीत तीच काळजी घ्यावी लागते. पण निदान ती इथल्या हवेतली आहेत. चाळीस अंशांच्या उन्हात सैबेरियन हस्की आणि सेंट बर्नार्ड पाळणाऱ्यांकडे पाहून माझा जीव तुटतो. उन्हाने कावलेला, अंगावर चट्टे उठलेला, दिवसभर धापा टाकणारा कुत्रा मुलांशी गोड वागेल, ही अपेक्षा आपण कशाच्या जोरावर करतो?

आता भटक्या कुत्र्यांचा विषय, कारण आपल्या देशात चाव्यांचा मोठा वाटा त्यांचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीच्या कुत्र्यांबद्दल आणि नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं यांच्या आवारांबद्दल आदेश दिले. त्यावर पुष्कळ वाद झाला आहे, त्यात मी पडत नाही. मला मुलांच्या आईबापांना कॅलेंडरमधली एक गोष्ट दाखवायची आहे. आता भाद्रपद चालू आहे. कुत्र्यांचा माजाचा काळ. एका कुत्रीमागे सहा-सात कुत्रे गल्लीत फिरतात, आपसात भांडतात, आणि त्यांच्या मधून सायकलवर जाणारं मूल चावा खातं. त्यानंतर ६३ दिवसांच्या आसपास कुत्री वितात. म्हणजे पिल्लं येतात ती कार्तिकाच्या सुमाराला, दिवाळीच्या सुट्टीत, जिन्याखाली, पार्किंगमध्ये, बांधकामाच्या वाळूच्या ढिगाआड. मुलं घरी असतात, पिल्लं गोंडस असतात, आणि मुलं पिल्लू उचलून घरी आणायला जातात. व्यालेली कुत्री, एरवी ज्या मुलांच्या हातची बिस्किटं खाते त्यांनाच, पिल्लाला हात लावला की फाडते. त्यात फटाके. ज्या कुत्र्यांना वर्षभर कुणी त्रास देत नाही, त्यांच्या शेपटीला त्याच दिवसांत कुणीतरी लवंगी बांधतं. दर वर्षी त्या पंधरा-वीस दिवसांत माझा फोन थांबत नाही.

मुलांना शिकवायचं ते फार थोडं आहे. अनोळखी कुत्रा अंगावर येतोय असं वाटलं तर पळायचं नाही, ओरडायचं नाही. झाडासारखं उभं राहायचं, हात छातीशी घडी घालून, नजर स्वतःच्या पायाकडे. कुत्र्याला हलणाऱ्या गोष्टीमागे धावायचं असतं, न हलणाऱ्या मुलाला तो हुंगतो आणि बहुतेक वेळा निघून जातो. पडलंच तर गोळा व्हायचं, गुडघे पोटाशी, दोन्ही मुठी मानेमागे आणि कोपरं कानांवर. ओळखीच्या कुत्र्याला हात लावायचा तरी आधी मालकाला विचारायचं, मग कुत्र्याला विचारायचं, म्हणजे हात खाली बाजूला ठेवून तो स्वतःहून जवळ येतो का ते पाहायचं. आला तरच छातीला किंवा खांद्याला खाजवायचं, डोक्यावरून थापट्या मारायच्या नाहीत. पहिलीतल्या मुलांना हे एका तासात येतं. मी स्वतः घेतलेल्या तासांत मुलं हसत-खिदळत झाड झाली आहेत आणि घरी जाऊन आजीला झाड करायला लावलं आहे.

गोव्याने हेच केलं. २०१४ पासून 'मिशन रेबीज' या संस्थेला बरोबर घेऊन राज्याने कुत्र्यांचं मोठं लसीकरण सुरू केलं. साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रेबीज पसरण्याची साखळी तुटते, हे तत्त्व धरून गावोगाव पथकं फिरली, आणि शाळांत जाऊन मुलांना शिकवलं. २०२१ मध्ये गोव्याला रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर करण्यात आलं. शेजारच्या राज्याला जमलं, त्यात अवघड असं काय आहे? २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज देशातून घालवायची राष्ट्रीय योजना २०२१ मध्येच झाली आहे. आपल्या महापालिकेने वर्षातून एकदा २८ सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिनाला, फोटोपुरतं शिबिर घेऊन ती पुरी होणार नाही.

चावा झाला तर काय करायचं, हे मी प्रत्येक ठिकाणी सांगते आणि इथेही लिहिते, कारण अजूनही जखमेवर चुना, तिखट, हळद, तेल लावून मूल दवाखान्यात आणलं जातं. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून. पट्टी बांधायची नाही. मग थेट सरकारी दवाखाना. तिथे रेबीजची लस मोफत आहे आणि ती आता पोटात नाही, दंडात देतात. कातडीत द्यायच्या पद्धतीने पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. चौथी राहिली तर चालतं, असं नाही. जखम खोल असेल किंवा रक्त आलं असेल, तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं, जखमेतच भरावं लागतं. तोंडावर चावा असेल तर एक तासही घालवू नये, कारण चेहरा मेंदूला जवळ. कुत्रा पाळलेला आहे, त्याला लस दिलेली आहे, म्हणून डॉक्टरांकडे जायचं टाळू नका. त्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं, पण उपचार त्यासाठी थांबवायचे नसतात. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की जगातला कुठलाही डॉक्टर जवळपास काहीही करू शकत नाही.

आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यांत जास्त टोचते. मुलं चावा लपवतात. 'कुत्र्याशी खेळू नको म्हणून सांगितलं होतं ना' हे ऐकावं लागेल, इंजेक्शन घ्यावं लागेल, म्हणून छोटा ओरखडा फुलपँटखाली झाकून ठेवतात. माझ्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांनाही हाच अनुभव आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, रेबीजचा संशय असलेल्या जनावरांनी चावलेल्यांत सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालची मुलं असतात. आज रात्री जेवताना आपल्या मुलांना एवढं सांगा, की कुत्र्याने, मांजराने नुसतं ओरबाडलं तरी ये आणि सांग, कुणीही रागावणार नाही. आणि खरंच रागावू नका.

महापालिकेकडे माझं मागणं साधं आहे. पाळीव कुत्र्याचा परवाना कागदावर आहे, तो खरोखर द्यायला लागा, आणि रेबीजच्या लसीचा चालू वर्षाचा दाखला आणि नसबंदीची माहिती त्याला जोडा. परवान्यावर मालकाचं नाव-पत्ता असावा आणि कुत्रा कुणाला चावला तर त्याची नोंद त्याच कागदावर व्हावी. दुसऱ्यांदा चावला तर मालकाला प्रशिक्षण आणि मुसक्याची सक्ती, तिसऱ्यांदा कुत्रा ठेवण्याची परवानगी काढून घ्या. मग तो पिटबुल असो की पॉमेरेनियन. नोंदणी नसलेल्या पैदासवाल्यांवर आणि आठ आठवड्यांच्या आतली पिल्लं विकणाऱ्यांवर एकदा तरी कारवाई करून दाखवा, बाकीचे आपोआप सावध होतील. सोसायट्यांनाही सांगायचं आहे. पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्येच स्पष्ट केलं आहे, त्यामुळे त्या भांडणात शक्ती घालवू नका. त्याऐवजी पट्ट्याशिवाय कुत्रा खाली आणायचा नाही, लिफ्टमध्ये मूल असेल तर मालकाने पुढच्या लिफ्टसाठी थांबायचं, एवढं एकमताने ठरवा. कुत्र्याला दर तीन महिन्यांनी जंताचं औषध द्या आणि त्याची विष्ठा उचला. वाळूत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात तेच जंत जातात.

शेवटी शाळांसाठी. दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी मिरज, सांगली आणि आसपासच्या ज्या शाळांना पहिली ते चौथीच्या मुलांसाठी हा तास हवा असेल, त्यांनी आपल्या कार्यालयात नाव द्यावं. तिथून निरोप मिळाला की मी यायला तयार आहे, मानधन नको. मुलांना हात पसरून उभं राहता येईल एवढी मोकळी खोली हवी, आणि शक्य असेल तर त्या तासाला आईबापांपैकी एकाने बसावं.

आपली,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी,
मिरज